गुलाबी पडलेली ट्यूब

४ मार्च
आज इलेक्ट्रिशियन म्हणून रुजू झालो. नकाशे काढणारं ऑफिस आहे. एक लांबलचक हॉल, खिडकी एकही नाही आणि छताला चाळीस ट्यूबलाइट. थोडक्यात, माझ्याशिवाय यांचं पान हलायचं नाही. ताई इथेच नकाशे काढते, तिनेच माझ्यासाठी शब्द टाकला. आई गेल्यावर मला वाढवलं तिनेच, नोकरीला चिकटवलं तेही तिनेच. सगळ्यांदेखत तिने मला ‘बाळ्या’ अशी हाक मारली. झालं, आता रिटायर होईपर्यंत मी बाळ्याच.

७ मार्च
कोपऱ्यातल्या टायपिस्टबाईंच्या डोक्यावरची ट्यूब गुलाबी पडली. आतला पारा संपला की असं होतं, पण त्याला वर्षं लागतात आणि ही तर मी परवाच बसवली होती. टोकं काळी नाहीत. स्टार्टर ठीक, चोक ठीक. दुसरी कोरी लावली, तासाभरात तीही गुलाबी. बाई हसून म्हणाल्या की राहू द्या, मी त्यात जरा तरुण दिसते.

११ मार्च
टायपिस्टबाई काल वारल्या. घरी, खुर्चीत बसल्या बसल्या. वाईट वाटलं. त्यांच्या टेबलावरची ट्यूब मात्र आज स्वच्छ पांढरी आहे, मी हातही लावलेला नाही.

१२ मार्च
आता हेडक्लार्कच्या डोक्यावर गुलाबी. मला स्टोअरकीपरचा संशय येतोय. जुन्या ट्यूब पुसून नव्या म्हणून माझ्या गळ्यात मारत असणार. आजपासून प्रत्येक ट्यूबवर पेन्सिलने बारीक खूण करतो. बघू कुठे जातोय.

१५ मार्च
खुणा जिथल्या तिथे. हेडक्लार्कवरची ट्यूब जिन्यात लावली, तिथे दुधासारखी पांढरी. जिन्यातली त्यांच्यावर लावली, ती गुलाबी. ट्यूबमध्ये दोष नाही. मग कशात आहे?
स्टोअरकीपरने उलट मलाच विचारलं, की तू आल्यापासूनच हे कसं सुरू झालं. सगळ्यांनी माना वर करून माझ्याकडे पाहिलं.

१८ मार्च
हेडक्लार्क गेले.
शिडी घेऊन आत शिरलो की लोक खुर्च्या मागे सरकवतात. पाठीमागे कुजबुज चालते. ताई एकटीच म्हणाली, की लोकांना बोलायला काय जातंय, तू जेवून घे.

१९ मार्च, सकाळी ११
ताईच्या टेबलावर—
बदलली. पुन्हा तेच. तिला दुसऱ्या टेबलावर बसवलं. तिथली पांढरी होती. आता नाही. मला भीती वाटतेय. तिला सांगितलं तर म्हणाली की नकाशा आज द्यायचाय, मध्ये मध्ये करू नकोस.

दुपारी १२
मेन स्विच पाडला. हॉलमध्ये अंधार, आरडाओरडा. ताईचा हात धरून तिला ओढतच बाहेर अंगणात आणलं. टळटळीत ऊन. वर नुसतं आभाळ, एक वायरसुद्धा नाही. इथे काही होणार नाही तिला.
पायरीवर बसून लिहितोय. ती समोर पाठ फिरवून उभी आहे, चिडलीय. ऊन पांढरं आहे. भिंतीवर पांढरं. माझ्या हातावर पांढरं. या कागदावरही पांढरं.
ती आता वळली. फक्त तिच्या चेहऱ्यावर तेवढं ऊन