दोन मतांचं तळं

प्रिय मॉरीन,

काल दिवसभर पाऊस कोसळला आणि आमच्या गल्लीत बोटभरही पाणी साचलं नाही! सगळं नव्या तळ्यात गेलं. साठी उलटलेला मी अंगणात उभा राहून शिट्ट्या मारत होतो. शेजारची थुई ओरडली, "आल्टनकाका, म्हातारपणी चळलात की काय!"

आठवतं, लग्न झाल्या झाल्या ह्यूस्टनबाहेरच्या याच कुरणात बिल्डरनं आपल्याला राहायला फुकट ट्रेलर दिला होता? अट एकच, इथले मतदार होऊन मत द्यायचं. नळ, गटारं, तळं यांसाठी कर्ज काढायचं आणि पुढं इथं घरं घेणाऱ्यांनी जादा कर भरून ते फेडायचं, असा या कुरणापुरता खास जिल्हा करावा का? अख्ख्या कुरणात मतदार दोनच, तू आणि मी. निकाल दोन विरुद्ध शून्य! जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाचे, खाऊन आपण तो साजरासुद्धा केला. मग एका पावसात ट्रेलर चाकांपर्यंत बुडाला. तू म्हणालीस, "या चिखलात मी राहणार नाही." मी हट्टानं राहिलो, तू दूर कोरड्या अमरिलोला गेलीस.

पुढं मी इथंच घर घेतलं आणि आपणच लावलेला कर बावीस वर्षं भरतोय. नळ आले, गटारं आली, तळं कागदावरच. थुईच्या घरात दोनदा गुडघाभर पाणी शिरलं. जिल्ह्याचा कारभार पाहणारे संचालक बिल्डरच्या मर्जीतले, त्यांची बैठक भर दुपारी चाळीस मैलांवर वकिलाच्या कचेरीत. कोण मरायला जातंय तिथं! शेवटी मी कायदा वाचून काढला. पाच मतदारांनी सही केली तर बैठक वस्तीतच घ्या म्हणता येतं. शाळेच्या जेवणघरात बैठक भरली, माणसं दाराबाहेरपर्यंत उभी. तिथं मी कबूल केलं की पहिल्या दोन मतांतलं एक माझं. वाटलं, आता जोडे पडणार. थुई म्हणाली, "मग उभे राहा निवडणुकीला! घोळ तुम्ही घातलात, निस्तरा तुम्हीच." आम्ही संचालकांच्या पाचपैकी तीन जागा जिंकल्या आणि पहिलाच ठराव तळ्याचा केला.

आता खरं काम. आपला ट्रेलर उभा होता तिथंच तळं खणलंय, आणि त्याला माझं नाव द्यायचं चाललंय. मी ठराव अडवलाय. मतं दोन होती, तर नावंही दोन हवीत. पाण्याचं तुझंच खरं होतं, मॉरीन. चुकलो मी, हे तेव्हाच म्हणायला हवं होतं. माझं मत 'हो' असं पडलंय. तुझं तेवढं राहिलंय, आणि इथं येऊनच द्यावं लागतं.

तुझाच, तेव्हाचा अर्धा मतदारसंघ,
आल्टन