दम घेणारं इंजिन

१ ऑगस्ट १९९७, शुक्रवार
आजपासून रोज लिहायचं. आपल्या इंजिनाबद्दल या लाइनीवर इतकं खोटंनाटं पसरलं आहे की खरं कुठेतरी नोंदलेलं असावं. आपल्यापुरतं.

खरं असं आहे : छोट्या लाइनीवरचं आपलं डिझेल म्हातारं झालेलं नाही, मुरलेलं आहे. सकाळी कोसमघाटहून पॅसेंजर घेऊन निघतं आणि जंगल पार करून कचेऱ्या उघडायच्या आत चांद्याला पोचतं. म्हणजे पोचू शकतं. आज पोचलं नाही. पण त्यात दोष इंजिनाचा नाही, पळसघाटच्या चढाचा आहे. चढ सरकारने बांधला, बोल इंजिनाला.

संकल्प : चिडायचं नाही. आणि ‘फेल’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ड्रायव्हरने एकदा इंजिन फेल म्हटलं की ते वर कंट्रोलला कळतं, तिथून साहेबांना कळतं, आणि साहेब लोकांना गाड्या बंद करायला निमित्तच हवं असतं.

२ ऑगस्ट
नूतन सकाळीच बोलली. चांद्याला नर्सिंगच्या ट्रेनिंगला जाते, माझ्याच गाडीने. तिची मैत्रीण महेक हिने तिकडे खोली घेतली आहे, एका मुलीची जागा रिकामी आहे. म्हणाली, बाबा, मले राहू द्या न तिथी. रोज उशीर होते, हजेरी कमी भरली तर परीक्षेले बसू देत नाई.

मी शांतपणे (संकल्प) समजावलं, की जिच्या गाडीचा ड्रायव्हर स्वतः बाप आहे त्या मुलीने खोली घेतली तर लाइनीवरचे लोक काय म्हणतील? बापालाच आपल्या इंजिनाचा भरवसा नाही म्हणतील. ती म्हणाली, ते तर आताही म्हणतात. तिच्या आईने मध्येच भाजी ढवळायला घेतली. ढवळायची गरज नव्हती.

वचन दिलं : वेळेवर पोचवीन.

७ ऑगस्ट, गुरुवार
पळसघाटच्या चढावर थांबलो. रेडिएटरमधलं पाणी उकळलं आणि इंजिन आपणहून बंद पडलं. पडलं म्हणजे थांबलं. दम घेत होतं.

असिस्टंट संघपाल म्हणाला, साहेब, फेल सांगून टाकू. मी म्हटलं, माणूस जिना चढताना थांबला तर त्याला तिरडी बांधतोस का? तो मागून येणारी गाडी थांबवायला लाल झेंडी घेऊन गाडीच्या मागे रुळांवरून चालत निघाला. संघपालचा हाच दोष, चालतो फार. बूट झिजले की डिपार्टमेंटला दोष देतो.

मागून जाफर बांबूची मालगाडी घेऊन आला. त्याने मागून ढकलत आम्हाला चढापार केलं. वर पोचल्यावर इंजिनातून उतरून विडी पेटवली आणि म्हणाला, काऊन मुखरूभाऊ, आज कोण थकलं, इंजिन का तुम्ही? मी म्हटलं, दोघंही फ्रेश आहोत, घाटातली हवा खात होतो. म्हणाला, खा न भाऊ, पण पोरीले तरी आधी उतरवत जा. डब्याच्या दारात नूतन उभी होती, पांढऱ्या ड्रेसवर ऑइलचा डाग. तिला वॉर्डच्या सिस्टरने अर्धा दिवस बाहेर उभं ठेवलं म्हणे. शिस्त चांगली आहे. कामाला येते.

१९ ऑगस्ट
अत्यंत अन्यायाचा दिवस.

सावरटोल्याच्या पुढे थांबलो. बराच वेळ दम घेऊ दिला. शेवटी डब्यातून शिव्या येऊ लागल्या, एक म्हातारा तर तिकीट परत देऊ लागला. तेव्हा नाइलाजाने रुळाकडेच्या टेलिफोनच्या तारेला फोन जोडून मदत मागितली. ‘फेल’ म्हटलं नाही. ‘मदत मिळाल्यास बरं’ म्हटलं. कंट्रोलने काय लिहिलं ते त्यांचं त्यांना माहीत.

फोन ठेवला आणि इंजिन सुरू झालं! एका झटक्यात. काय आवाज, काय धूर! मी टाळी वाजवली. संघपाल म्हणाला, साहेब, आता हलवता येत नाई. नियम तसा आहे. एकदा मदत मागितली की जागचं हलायचं नाही, कारण मदतीचं इंजिन तुम्ही तिथेच उभे आहात हे धरून येत असतं. हलाल तर धडक.

तर आम्ही चालू इंजिनावर, मोकळ्या रुळावर, हिरवा सिग्नल समोर असताना उभे. लोक उतरून इंजिनाजवळ आले. सावरटोल्याची बायनाबाई, जी झेंडूची फुलं घेऊन चांद्याच्या बाजारात जाते, ती म्हणाली, भाऊ, हे तं चालू आहे, मंग जात काऊन नाई? मी नियम समजावला. ती म्हणाली, म्हंजे बंद पडलं तवा थांबलो, न चालू झालं तवाही थांबलो? अडाणी बाई. तिला रेल्वे समजत नाही.

जाफर आला. आमचं चालू इंजिन पाहिलं. हसला नाही, हे जास्त लागलं.

३० ऑगस्ट
नूतनसाठी दाखला तयार केला. ‘गाडी तांत्रिक विश्रांतीमुळे उशिरा धावली, प्रशिक्षणार्थीचा दोष नाही.’ स्टेशनमास्तर नथ्थूजींकडून शिक्का मारून घेतला. ते म्हणाले, विश्रांती काय लिहिता जी, हार्ट अटॅक लिवा.

संध्याकाळी नूतनने दाखला परत आणला. सिस्टर म्हणाल्या म्हणे की पेशंटला इंजेक्शन द्यायची वेळ दाखल्यावर येत नाही. उद्धट बाई. पण नूतन त्यांचीच बाजू घेत होती. संगत.

महेककडची जागा अजून रिकामी आहे, हे तिने जेवताना दोनदा सांगितलं. मी ताटाकडे पाहिलं.

१५ सप्टेंबर, सोमवार
वेळेवर!! चांद्याला वेळेवर! प्लॅटफॉर्मवरच्या हमालाला वाटलं घड्याळ बंद पडलं, तो जाऊन बघून आला. चढ एका दमात. मी म्हणत होतो की इंजिनावर विश्वास ठेवा, तर लोक मलाच वेड्यात काढत होते.

घरी पेढे नेले. नूतनने पेढा हातात धरूनच ठेवला. आज अनंत चतुर्दशी, तिला सुट्टी होती. गाडीत नव्हतीच. संघपाल म्हणतो की सगळ्या ऑफिसांना सुट्टी होती, डबे रिकामे होते, रिकामे डबे तर बैलही ओढेल. संघपालला आनंद घेता येत नाही. लग्न झालेलं नाही त्याचं.

२५ सप्टेंबर
वरून पत्र. लाइनीवरची पॅसेंजर ठेवायची की बंद करायची हे ठरवायला साहेब स्वतः येणार आहेत, खंडेनवमीला. कोसमघाटला शेडमध्ये पूजा, मग साहेब गाडीत बसून चांद्यापर्यंत येणार. गाडी धड पोचली तर मोठी, ब्रॉडगेज लाइन होईपर्यंत चालू. नाही पोचली तर बंद.

सगळ्या शेडचे चेहरे पडले. माझा खुलला. इतकी वर्षं पडद्यामागे राबलो, आता कोणी तरी बघायला येत आहे.

नूतन म्हणाली, बाबा, महेककडं दुसरी मुलगी विचारून राह्यली. या हप्त्यात सांगा लागते. मी म्हटलं, खंडेनवमीपर्यंत थांब, मग खोलीचं नावही काढणार नाहीस. ती थांबली. मुलगी समजूतदार आहे, माझ्यावर गेली आहे.

९ ऑक्टोबर
तयारी पूर्ण. रेडिएटर धुतला. पुढच्या भागाला नवा पिवळा रंग. जिथे गंज फार होता तिथे रंग धरेना, तर झेंडूची माळ टाकायची ठरवली. बायनाबाईने फुलं फुकट दिली, म्हणाली, भाऊ, उद्या वेळेवर या मात्र, दसऱ्याच्या बाजारावरच आमची दिवाळी आहे. दोन टोपल्या भरून सावरटोल्याला उभी राहणार आहे.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण बाहेरच्यांना ती कळत नाही. आपलं इंजिन आपण कधी बंद करत नाही. रात्रभर शेडमध्ये चालू ठेवतो. बॅटऱ्या जुन्या आहेत. एकदा बंद केलं की परत चालू होईल की नाही हे बॅटऱ्यांच्या मनावर. रस्त्यात पाणी उकळून बंद पडतं तेव्हा तरी ते गरम असतं, निवलं की कधी घेतं, कधी नाही. थंड झाल्यावर मात्र घेतच नाही. म्हणून खंडेनवमीला सगळीकडे यंत्रं बंद करून पूजा होते, सुतार करवत खाली ठेवतो, शिंपी मशीनवर कापड टाकतो, पण कोसमघाटला इंजिनाची पूजा चालू इंजिनावर होते. धूर अंगावर घेत नारळ फोडायचा. नारळ फुटल्याचा आवाज आजवर कोणी ऐकलेला नाही.

उद्यासाठी थोडं बोलायचं लिहून काढलं. ‘वक्तशीरपणा आणि निष्ठा’. चार पानं.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी. संध्याकाळ.
लिहावं की नाही. लिहितो.

साहेब आले, सोबत मॅडम. साहेबांनी पिवळा रंग पाहून मान हलवली. नथ्थूजींनी कुंकू लावलं, नारळ फोडला. मग मी कागद काढले आणि बोलू लागलो. साहेबांनी कानामागे हात नेला. मी मोठ्याने बोलू लागलो. मॅडमने कानांत बोटं घातली. वक्तशीरपणावरचं उत्तम वाक्य इंजिनाच्या घरघरीत गेलं. मी ते परत म्हटलं. परत गेलं.

साहेबांनी हाताने खूण केली : पुढे? की, पुरे? मी ‘बंद करा’ असा अर्थ घेतला. आज नवमी आहे, यंत्रालाही विश्रांतीचा मान मिळाला पाहिजे, हेही मनात आलं. मी कॅबमध्ये चढलो.

संघपाल पायरीवर आडवा आला. म्हणाला, साहेब, मी कोणत्या यंत्रापुढं हात जोडत नाई, तुमच्यापुढं जोडतो. बंद नका करू. त्याने खरंच हात जोडले. चारचौघांत असिस्टंटने ड्रायव्हरला अडवावं? त्याला बाजूला केलं आणि बंद केलं.

शेडमध्ये अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. झाडावरची पाखरं ऐकू आली. चारही पानं वाचली. खरं सांगतो, भाषण फार चांगलं झालं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

मग कॅबमध्ये जाऊन बटण दाबलं. आत काहीतरी कण्हल्यासारखं झालं. परत दाबलं. कण्हणंही नाही.

नथ्थूजींनी बॅटऱ्यांवर कुंकू लावलं. संघपालने तारा घासल्या. मी साहेबांना म्हटलं की दम घेत आहे. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मॅडमनी पदराने वारा घेतला. शेवटी ते जीपने निघाले. जाता जाता साहेब म्हणाले, आपण बोलता छान.

जाफरच्या मालगाडीला नवमीची सुट्टी होती. ओढायला कोणी आलं नाही.

११ ऑक्टोबर, दसरा
सावरटोल्याहून एक माणूस सायकलवर आला होता, दुसऱ्याच कामाने. म्हणाला बायनाबाई काल उन्हं उतरेपर्यंत बसली. फुलं मऊ पडली तेव्हा तिथल्याच मारुतीपुढे ओतून दिली. तिने मला शिव्या दिल्या का विचारलं. म्हणाला, नाई जी, विचारत होती, डायवर भाऊ बरे आहेत न?

शिव्या दिल्या असत्या तर बरं.

३ नोव्हेंबर
पॅसेंजर बंद. सूचना स्टेशनवर लावली. मी ती तीनदा वाचली, कुठे ‘तात्पुरती’ शब्द आहे का ते बघायला. नाही.

एसटी कोसमघाटला दुपारी येते आणि मुक्काम करते. सकाळची काळी-पिवळी जीप अर्ध्या वाटेपर्यंतच. नवमीपासून गाडी उभीच, म्हणून दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी नूतन तीन दिवस पहाटे जीपच्या टपावर बसून गेली. तिन्ही दिवस उशीर. महेककडे विचारलं. जागा भरली.

ठरवलं : साहेबांना अर्ज करायचा, नव्या बॅटऱ्यांसाठी. बॅटऱ्या मिळाल्या की सगळं सुरळीत. अर्जाचा मसुदा चांगला जमला आहे.

१८ नोव्हेंबर
नूतनला परीक्षेला बसू दिलं नाही. हजेरी. नाव कमी केलं. पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून अर्ज, जागा मिळाली तर.

ती रडली नाही. पांढरे ड्रेस धुतले, इस्त्री केली, घडी घालून आईच्या पेटीत ठेवले. मी म्हटलं, पुढच्या वर्षी मोठी लाइन येते, नवं इंजिन. म्हणाली, बाबा, तुम्ही आता काही सांगू नका मले.

वरोऱ्याला मावशीकडे गेली. तिथल्या एका दवाखान्यात केसपेपर लिहायचं काम आहे म्हणे. ती जीपने गेली. मला म्हणाली, स्टँडवर नका येऊ. गेलो नाही. शेडमध्ये बसलो. इंजिन थंड. हात लावला तर दचकलो, इतकं थंड मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

४ डिसेंबर, गुरुवार
इंजिन भंगारात निघालं. जाफरच्या मालगाडीमागे जोडून चांद्याला न्यायचं. नियम असा की मेलेल्या इंजिनातही हँडब्रेकसाठी एक माणूस बसवायचा. नथ्थूजी म्हणाले, दुसरा पाठवतो जी. मी म्हटलं, मीच जातो.

जाफर निघण्याआधी चहाचा ग्लास घेऊन कॅबपाशी आला. मी वाट पाहत होतो की तो काहीतरी टोमणा मारेल. ग्लास दिला आणि गेला.

पळसघाटचा चढ कधी आला कळलं नाही. हॉल्टवर लोक पिवळा रंग पाहून गाठोडी घेऊन पळत आले. पॅसेंजर सुरू झाली असं त्यांना वाटलं. सावरटोल्याला बायनाबाई रुळाच्या कडेने धावत होती. ओरडली, थांबते का भाऊ? मी कॅबच्या खिडकीतून हात हलवला, नाही म्हणून. तिला वाटलं मी ओळख देतो आहे. तिनेही हलवला.

चांद्याला पोचलो. कचेऱ्या अजून उघडायच्या होत्या. नर्सिंगच्या मुली पांढऱ्या ड्रेसमध्ये पुलावरून चालल्या होत्या, आरामात.

वेळेवर.

मागे वळून पाहिलं. डबे नव्हते.