हिरवं घर, माझ्या देखरेखीखाली

१ तारीख, सोमवार. पहाटे ५.५०
आजपासून घर बदलणार. शुक्रवारी ऑफिसात एका पाहुण्या बाईंनी तासभर सांगितलं, की पृथ्वी वाचवायची तर घरातल्या साध्या सवयींपासून सुरुवात करा, आणि जे मिळालंय त्याचे रोज आभार माना. बाकीचे चहा कधी येतो ते बघत होते. मी नोट्स काढल्या. अकरा नियम झाले. फ्रिजवर लावले. कागद पाठकोरा वापरायला हवा होता, पण पहिल्या दिवशी कोरा बरा दिसतो.
बायकोने वाचले. म्हणाली, यातले सात तर मी करतेच. विषयाची खोली तिच्या लक्षात यायला वेळ लागेल.

२, मंगळवार
शॉवर बंद. माणशी एक बादली. आई म्हणाली, अठ्ठ्याहत्तर वर्षं बादलीनेच करतेय. लेक म्हणाली, केस कसे धुवायचे? मी ठाम राहिलो. माझी पाठ धरल्यामुळे मी स्वतः फक्त आजच्या दिवस शॉवर घेतला. वीस मिनिटांत बराच फरक पडला.

५, शुक्रवार
खताचा डबा, बांबूचे टूथब्रश, कापडी पिशव्या आल्या. सहा खोकी. प्रत्येकात फुग्याफुग्यांचं प्लास्टिक. लेकीने विचारलं, बाबा, हे कितव्या नियमात बसतं? तिथल्या तिथे बारावा नियम केला: पुनर्वापर. संध्याकाळभर फुगे फोडले. मन शांत होतं.
बायकोने माळ्यावरून जुन्या चादरींच्या शिवलेल्या तेवीस पिशव्या काढून समोर ठेवल्या. शिवण बरी आहे.

७, रविवार
जेवताना प्रत्येकाने एका गोष्टीचे आभार मानायचे. सुरुवात मी केली. सूर्य, हवा, माती, गांडूळ. ओघात पंधरा मिनिटं गेली. मग लेक म्हणाली, बाबा थांबले याबद्दल मी आभारी आहे. आईने दातांच्या डॉक्टरचे आभार मानले. बायको म्हणाली, मला विचार करावा लागेल, आणि गार झालेलं जेवण पुन्हा गरम करायला उठली. म्हणजे गॅस दोनदा जळला. तिच्याशी बोललं पाहिजे.

१०, बुधवार
गॅलरीतल्या खताच्या डब्याला वास येतोय. तो यायचाच. खालच्या मजल्यावरचे निवृत्त कॅप्टन तावातावाने वर आले. डब्यातलं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर ठिबकतंय म्हणे. मी बाथरूममध्ये होतो. आवाज ओसरेपर्यंत तिथून निघणं योग्य वाटलं नाही. बायकोने माफी मागितली, चादरी वर आणून धुतल्या. मशीनचं किती पाणी वाया जातं, हे त्या निमित्ताने माझ्या लक्षात आलं.

११, गुरुवार
मशीनचं पाणी आता चार बादल्यांत साठवतो. बाथरूममध्ये मावत नाहीत, म्हणून पॅसेजमध्ये रांगेने ठेवल्या. पॅसेजचा बल्बही काढला. तिथे कुणी पुस्तक वाचत बसत नाही. बायको म्हणाली, आई पहाटे उठतात हो. मी म्हटलं, डोळ्यांना सवय होते.

१४, रविवार. दुपारी
आई पडली. पहाटे, पॅसेजमध्ये, दुसऱ्या बादलीला अडखळून. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर.
डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी वाढत्या वयाबद्दल बोलू लागलो. आई म्हणाली, अंधार होता. बायको काही म्हणाली नाही. येताना गाडीतही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.
बल्ब लावला. पाणी अगदीच वाया गेलं नाही, फरशी पुसून निघाली.
(वरचं वाक्य खोडायचं.)

१७, बुधवार
आईला भरवायचं, अंघोळ घालायची, वेणी घालायची. बायकोने बँकेतून रजा घेतली. मीही घेणार होतो, पण माझ्यावाचून सेक्शनचं पान हलत नाही. साहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, खुशाल घ्या, काही अडणार नाही. मोठ्या मनाचा माणूस. अशा माणसाला अडचणीत टाकणं बरं नव्हे. रजा घेतली नाही.

२०, शनिवार
आठवडाभर जेवताना कुणी बोलत नाही. शेवटी आज मीच आभारांचा विषय काढला. बायकोला म्हटलं, तुला विचार करायला तेरा दिवस मिळाले. तिने आईला घास भरवला, तोंड पुसलं, मग म्हणाली, "मला आभार नकोत. उद्या सकाळी अर्धा तास मला कुणी हाक मारू नका. बस्स."
लेकीने ताट उचललं. मीही.
एवढंच ना! साडेसहा ते सात घर माझ्याकडे.

२१, रविवार. सकाळी ६.३०
बायको दार हलकेच ओढून बाहेर गेली. खिडकीतून दिसतेय. समोरच्या बागेत बाकावर बसलीय. छान.

६.३८
आईच्या गोळ्या. एक पांढरी, एक पिवळी. उपाशीपोटी कुठली? पाकिटावर बायकोच्या अक्षरात 'नेहमीप्रमाणे' एवढंच लिहिलंय.

६.४४
लेकीला उठवलं. ती म्हणाली, आजीला विचारा. आजी म्हणाली, ती देते, मी घेते.

६.४७
बायकोला फोन केला. हाक मारायची नाही असं ठरलंय, फोनचं काही ठरलं नव्हतं. फोन आमच्याच ओट्यावर वाजला. तो घ्यायला वळलो तेवढ्यात दूध उतू गेलं.

७.००
वेळ संपली. खिडकीतून हात केला. तिने वर पाहिलं. नक्की पाहिलं. मग चपला काढल्या, पाय वर घेतले आणि मांडी घालून बसली.

७.२५
अजून तिथेच. ओटा पुसायचा फडका सापडत नाही. माझा रुमाल वापरला.

७.३५
आईने बाथरूममधून हाक मारली. स्टुलावर बसलीय, एका हाताने तांब्याही उचलता येत नाही. टॉवेल घेऊन धावलो. आलो, म्हटलं. ती म्हणाली, तू नको रे. ती आली की पाठव.
टॉवेल खांद्यावर टाकून दाराबाहेर उभा आहे. आतून आईने दोनदा विचारलं, आली का? दोन्ही वेळा म्हटलं, नाही अजून. आता तेही विचारत नाही.