ऐन-तोय-नून आणि कूलरसमोरची खुर्ची

मंगळवार, संध्याकाळ

उद्या अरबीच्या वर्गात शेखसरांसमोर मला ऐन-तोय-नून या तीन अक्षरांचा धातू समजावून सांगायचाय. तीस वर्षं संस्कृत शिकवलंय, धातू म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मीच म्हणालो होतो. कुणी सांगितलं होतं बोलायला?

दोन दिवस कूलरसमोर कोश घेऊन बसलोय. एक अर्थ, उंट पाणी पिऊन पाण्यापाशीच बसले. दुसरा, भिजत घातलेलं कातडं कुजलं. उंटाचा आणि कुजण्याचा संबंध काय? आणि पिऊन झाल्यावर तो उंट तिथे बसतोच कशाला?

शेवटी अक्काला विचारलं. माझी थोरली बहीण, कालच शिंदखेड्याहून आलीय. मेथी निवडत होती.

"म्हैस बी पानी पिईसन हौदजोडेच बठस," ती म्हणाली. "तिले परत पेवानं ऱ्हास."

म्हणजे पुन्हा प्यायचं असतं म्हणून. बरं, आणि कातडं?

"एकच जागावर दोन दिन पडी ऱ्हायनं का वास येसच."

मग तिने कूलर पाहिला, खुर्ची पाहिली, माझा बनियन पाहिला आणि मेथीची जुडी उचलून ओट्याकडे सरकली.

धातू समजला. आत्ताच आंघोळ करून आलोय.