कांद्याच्या वाफ्यांतली चार वळणं

सोनई, १२ डिसेंबर १९७१

प्रिय कानिफ,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. रजा रद्द होऊन आपला शेजारी गोरक्षनाथ तुझ्याच हवाई तळावर परत निघालाय, त्याच्या हाती देते. वाचून फाडून टाक. चिडायचं तर चिड, चूक माझीच आहे.

दिवाळीत तू अंगणात कोळशाने रेघा ओढून दाखवल्या होत्यास. उडालं की चार वळणं घ्यायची, तिसऱ्यापासून खाली यायला लागायचं आणि त्याच धावपट्टीवर उतरायचं. प्रत्येक वळणाची जागा ठरलेली, उंची ठरलेली, तिथे मनाची लहर चालत नाही. शाळेत चित्रकला शिकवते खरी, पण लहरीशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं. त्या रेघा डोक्यातून जाईनात. शेवटी कागदावर घेतल्या. आकाश नाही, विमान नाही. नुसते सरळ पट्टे, चार वळणं आणि उंचीबरोबर फिका होत जाणारा निळा. आबा म्हणाले, "ह्यात इमान कुटं हाय?" मी फुगले आणि चित्र शाळेच्या भिंतीवर लावलं.

लढाई सुरू झाली आणि पोलीस पाटील आप्पासाहेबांना त्यात विमानतळाचा नकाशा दिसला. परवा सकाळी फौजदार आले, चित्र ताब्यात घेतलं. कुठला तळ, कुणी सांगितलं, एकच धोशा. तुझं नाव निघालं तर चौकशी लागणार, आणि तुला पायलट व्हायला दोनच महिने राहिलेत. मी बोलून गेले, हे आमच्या कांद्याचे वाफे आहेत. ते म्हणाले, उद्या दाखवा.

आपल्या वाफ्यांना असलं एकही वळण नव्हतं. आबांना सांगितलं. त्यांनी खोरं उचललं. मी बांधावरून आठवून सांगत होते, ते दिवस मावळेपर्यंत वाफे मोडून नवे ओढत होते. आठवड्यापूर्वी लावलेली निम्मी रोपं मातीत गेली. काल फौजदारांनी ताज्या ओढलेल्या मातीवर बूट दाबून पाहिला. आबा म्हणाले, "लागन चालूच हाय की सायेब." मग त्यांनी पाणी सोडायला लावलं. पाणी चारही कोपऱ्यांवर बिनचूक वळलं. चित्र परत मिळालं. मागे फौजदारांच्या अक्षरात लिहिलंय, 'कांद्याचे वाफे'. ते वाचून मला रडू आलं.

पण चौकशीचा कागद वर गेलाय, तुझ्यापर्यंत पोचेल. कुणी विचारलंच तर बहिणीने कांद्याचे वाफे काढलेत, एवढंच म्हण. त्यासाठीच हे लिहितेय. आज आबांना विचारलं, वाफे पहिल्यासारखे करायचे का. ते तिसऱ्या कोपऱ्याकडे बघत म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हितनंच पोरगं खाली उतराया लागतं न्हवं?"

तुझीच,
पुष्पाअक्का