बार्नो आता गात नाही

मुकद्दसताई,

समरकंदच्या लग्नांत गाणाऱ्या आपण तिघी ताश्कंदच्या मोठ्या रंगमंचावर पोचलो, तेव्हा टॅक्सीवालेसुद्धा आपलीच गाणी लावायचे. मग प्रांताच्या हाकिमानं तुला एकटीला बंगल्यावर गायला बोलावलं. तू नकार देऊन इस्तंबूल गाठलंस आणि आपली गाणी रेडिओवरून गायब झाली.

"मी जाते. खातोय थोडाच मला?" असं हसत म्हणून बार्नो हाकिमानं पाठवलेल्या काळ्या गाडीतून गेली. परतल्यापासून ती आमच्याकडेच आहे. गात नाही, बोलतही नाही.

आज तीच काळी गाडी माझ्यासाठी आलीय. आई ड्रायव्हरला म्हणतेय, "चहा तरी घ्या, पोरगी तयार होतेय."

बार्नोचा हात धरून मी मागच्या दारानं निघतेय. हे पत्र तंदुरात टाकते. तुझा पत्ता त्यांना मिळायला नको.

तुझीच,
सनोबर