हजच्या महिन्यातली रजा

११ जानेवारी, यान्बू, सौदी
ट्रेकचं परमिट आलं. वैजूचं आणि माझं, पासपोर्ट नंबरासकट. पेरू, १९ मेपासून चार दिवस चालायचं. एकदा निघालं की नाव बदलत नाही, तारीखही नाही. वैजू पुण्याहून फोनवर अक्षरशः किंचाळली. नर्सिंग कॉलेजच्या होस्टेलात दोघींनी ठरवलं होतं, मरायच्या आधी एकदा अँडीज. त्याला तीस वर्षं झाली. आता जूनच्या पहिल्या आठवड्यात तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. दोनदा पुढे ढकललंय, यापुढे मुलगा ऐकणार नाही. म्हणजे या मे महिन्यात, नाहीतर नाहीच.

१९ जाने.
डायलिसिस युनिटमधले बारा तास, वर जिने. पाच मजले, सहा वेळा, पाठीवर बासमतीची दहा किलोची पिशवी. तिसऱ्या फेरीला चौथ्या मजल्यावरच्या सुदानी आजोबांनी पिशवी काढूनच घेतली आणि आमच्या दारात आणून ठेवली. वर गिरीशला सुनावलं, बायकोला ओझी उचलायला लावतोस म्हणून. नवरा संध्याकाळभर फुगलेला. मला हसायचंही त्राण नव्हतं.

२ फेब्रु.
दुसऱ्या दिवशीची खिंड ४२०० मीटर. नाव काय, तर मेलेल्या बाईची खिंड. वै. म्हणते, "बघ, आपल्यासाठी पाटी आधीच लावून ठेवलीय."
गि. म्हणतो, "मे महिन्यात लोक आंबे खायला घरी जातात, आणि तू निघालीस डोंगर चढायला!" यंदा चिपळूणला तो एकटाच जाणार. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. सांगेन. पाय फार दुखतायत.

१८ फेब्रु.
आजपासून रमजान. एका पेशंटला सुई लावताना सहज म्हटलं, गेल्या वर्षी मार्चमध्ये सुरू झाला होता ना? म्हटलं आणि बोटांवर महिने मोजले. रमजान दहा-अकरा दिवस अलीकडे आला म्हणजे हजही येणार. मी रजेच्या तारखा काढल्या त्या मागच्या वर्षीच्या हज ड्यूटीच्या यादीचा फोटो बघून. तेव्हा हज जूनमध्ये होता. यंदा मेअखेर. हजच्या आसपास आमच्याकडे रजा बंद, अर्ध्याजणींना तर मदिनेला धाडतात.
चौदा वर्षं आहे मी इथे. काल आलेल्या पोरीसुद्धा असा गाढवपणा करत नाहीत.

२२ फेब्रु.
मेट्रनकडे गेले. इजिप्तची आहे, बाई वाईट नाही. कॅलेंडर पाहिलं, मान हलवली. "हजमध्ये? खलास, सिस्टर." मग दया आली असावी. म्हणाली, युनिटमधून एकीला सोडता येतं, पण ती जागा लीलाम्माला दिलीय. तिच्याशी अदलाबदल कर, फॉर्मवर दोघींच्या सह्या आण.
लीलाम्मा! गेल्या वर्षी मेअखेर तिचा नवरा कोट्टायमला वारला. तेव्हाही हजमुळे रजा बंद. दफन तिने लिननच्या खोलीत उभ्याने फोनवर पाहिलं, मी दार धरून उभी होते. यंदा वर्षाची प्रार्थना आहे, त्याच्या कबरीवर. ती कबर तिने अजून पाहिलेली नाही.
तिला मी विचारायचं? शक्यच नाही. वै.ला मात्र काही बोलले नाही.

१ मार्च
वै.चा व्हिडिओ. गुडघ्यांना पट्टे बांधून पर्वतीच्या पायऱ्या. उतरताना कठडा धरून खेकड्यासारखी आडवी उतरते. वर म्हणते, "बघ, उतरले की नाही!" मी नुसता अंगठा पाठवला. खोटारडी मी.

८ मार्च
मेट्रनने लीलाम्माला सांगितलंच. मशिन धूत होते तर मागून, "सिस्टर, मेरेको क्यों नहीं बोला?"
नको नको म्हणत सगळं बोलून बसले. गुडघे, परमिट, होस्टेल. तिने माझ्या हातातल्या नळ्या घेऊन टांगल्या. मग म्हणाली, "मरा हुआ आदमी रुकेगा. घुटना नहीं रुकेगा." तिथेच टेबलावर फॉर्म ठेवून सही केली आणि तो माझ्या खिशात घातला.
मी "नहीं, नहीं" म्हटलं. एकदाच. दुसऱ्यांदा तोंडातून निघालं नाही. याची लाज वाटते, लिहून ठेवते.

१० मार्च
गि.चं म्हणणं, "ती आपणहून देतेय ना? मग घे की!" माझं तोंड बघून उठला आणि चहा टाकला. बरा आहे तसा. जिने बंद आहेत दोन दिवस. शीण पायांचा नाहीच.

१२ मार्च
फॉर्म रविवारी द्यायचा. माझ्या सहीची जागा रिकामी. आज परत करायचा असं पक्कं ठरवून गेले होते.
लीलाम्मा पँट्रीत, फोनवर. पलीकडे सासू. मल्याळम मला येत नाही, पण "हज ड्यूटी", "लीव्ह कॅन्सल" एवढं कळलं. म्हातारीचं रडणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. मला पाहून लीलाम्माने फोनवर हात ठेवला आणि हसली. "हॉस्पिटल छुट्टी नहीं देता, ऐसा बोल दिया. अच्छा है ना? किसी का नाम नहीं आया."
फॉर्म खिशातच राहिला.
घरी आले तर वै.चा मेसेज. स्लीपिंग बॅग तिथे मिळते की आपली न्यायची? तासाभरात तीनदा विचारलंय. अजून उत्तर दिलेलं नाही.